तांबे, पितळ आणि वरचे दूध : पुणे परिसरातील एका बालरोगाच्या जनजागृतीचा इतिहास

१

काही रोग मुळातच दुर्मीळ असतात. काही रोग कालांतराने दुर्मीळ होतात. पहिल्या प्रकारच्या रोगांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. २००८ पासून फेब्रुवारी महिन्याचा अखेरचा दिवस अशा रोगांविषयीचा जागृतिदिन म्हणून अनेक देशांत पाळला जातो, आणि भारत सरकारनेही २०२१ साली दुर्मीळ रोगांसंबंधीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. रोग ओसरला की त्याची आठवणही ओसरते, आणि तो कशामुळे ओसरला हा प्रश्न विचारण्यास कोणी उरत नाही. वास्तविक जनजागृतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा ह्यांचा अभ्यास करावयाचा तर दुसऱ्या प्रकारचा रोगच अधिक उद्बोधक ठरतो.

असा एक रोग म्हणजे लहान मुलांचे यकृत कठीण करून टाकणारा तो विकार, ज्यास वैद्यकाच्या वाङ्मयात 'इंडियन चाइल्डहुड सिर्‍होसिस' असे नाव मिळाले आणि ज्यास मराठीत भारतीय बालयकृत्काठिण्य म्हणता येईल. त्याच्या उलगड्यात पुणे शहरास आणि त्याच्या भोवतालच्या ग्रामीण भागास महत्त्वाचे स्थान आहे. ह्याच भागात, शहराच्या वायव्येस व उत्तरेस, पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण ही गावे आज एका अखंड औद्योगिक पट्ट्यात विलीन झाली आहेत. रोगाचा ऱ्हास आणि ह्या पट्ट्याचा उदय ह्या दोन घटना एकाच अर्धशतकातल्या आहेत. त्यांच्यात संबंध आहे. परंतु तो कारखान्याच्या धुराड्यातून जात नसून स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळीवरून जातो. तो संबंध समजून घेण्यास रसायनशास्त्राइतकीच शब्दार्थशास्त्राची मदत होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

ह्या रोगाचे वर्णन प्रथम कलकत्त्याहून, १८८७ साली, सेन ह्यांनी केले असे मानले जाते. पुढील काळात मद्रास, मुंबई व इतर प्रांतांतूनही तशीच वर्णने येऊ लागली. सहा महिने ते चार-पाच वर्षे ह्या वयाचे, बहुधा एक ते तीन वर्षांचे मूल. प्रथम किरकिर, अन्नावरील वासना उडणे, बारीक ताप. मग पोट वाढू लागते, आणि तपासणाऱ्याच्या बोटांना यकृताची कठीण, धारदार कड लागते. पुढे कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव. आणि कावीळ दिसू लागल्यानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत मृत्यू. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडे ह्याच रोगाने गेल्याची उदाहरणे अनेक चिकित्सकांनी नोंदविली आहेत. विशेष असे, की हा रोग अतिदरिद्री घरांपेक्षा मध्यम स्थितीतील ग्रामीण कुटुंबांत अधिक दिसे.

लोकभाषेत ह्या रोगाला स्वतंत्र नाव नव्हते. पोट मोठे आणि हातपाय काटकुळे अशा मुलाला मराठीत 'मुडदूस' झाला म्हणत. परंतु तो शब्द सैल आहे, आणि निरनिराळ्या कारणांनी खंगणारी सर्व मुले त्यात सामावतात. दृष्ट लागणे हे दुसरे स्पष्टीकरण. पुढे शहरी दवाखान्यांच्या प्रभावाने 'लिव्हर झाली' असा प्रयोग रूढ झाला. ह्यात अवयवाचे नाव रोगाचे नाव बनले आहे. मद्रासकडील 'जम्मीज लिव्हर क्युअर'सारखी औषधे ह्याच नावाच्या आधारे देशभर प्रसिद्धी पावली. ह्या काळातील जनजागृती मुख्यतः अशी होती : यकृत नावाचा अवयव लहान मुलाच्या पोटात बिघडू शकतो, एवढे लोकांना ठाऊक झाले, पण तो का बिघडतो ह्याविषयी सांगण्यासारखे कोणाजवळच काही नव्हते. रोगास नाव मिळाले. कारण मिळाले नाही. आणि कारणाचा पत्ता नसलेले नाव भीतीखेरीज फारसे काही देऊ शकत नाही.

३

कारणाचा माग लागला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील संशोधकांनी 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात असे दाखविले, की ह्या रोगाने ग्रस्त मुलांच्या यकृतात ऑर्सीन ह्या रंजकाने रंगणारे कण विपुल आढळतात. असे कण तांब्याशी निगडित असलेल्या प्रथिनाचे असतात. १९७९ साली तांब्याचे प्रत्यक्ष मापन प्रसिद्ध झाले. मोठ्या निरोगी माणसाच्या यकृतात, कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे, तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपर्यंत असते; ह्या मुलांत ते अनेकदा ८०० च्याही वर होते. यकृतात तांबे साचणारा विल्सनचा रोग वैद्यकास १९१२ पासून परिचित होता. परंतु तो आनुवंशिक आणि खरोखरीच विरळ रोग, आणि तीन वर्षांच्या आतील मुलात तो क्वचितच प्रकट होतो. तेव्हा ह्या बालकांच्या यकृतात एवढे तांबे आले कोठून, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधण्याचे काम पुण्यात झाले. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित व शीला भावे, आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी स्टुअर्ट टॅनर, ह्यांनी रुग्ण मुलांच्या घरांतील आहाराची चौकशी आरंभिली. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : ज्या मुलांना हा रोग जडतो त्यांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झालेले असते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले वा साठविलेले असते. १९८७ साली रुग्ण मुलांची आणि त्यांच्या जोडीच्या निरोगी मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. तिनेही ह्याच अनुमानास पुष्टी दिली. १९८९ मधील प्रयोगांत असे दिसले, की गाईचे दूध पितळी भांड्यातून तांबे उचलते आणि ते दुधातील केसीन ह्या प्रथिनाशी बांधले जाते. आईच्या दुधातून बालकास मिळणारे तांबे अल्प असते. वरच्या दुधातून, दिवसातून अनेक वेळा, महिनोन्महिने मिळणारे तांबे त्याच्या कोवळ्या यकृतास बाहेर टाकता येत नाही.

रोगाचा सामाजिक आढळही ह्या उपपत्तीशी जुळतो. ज्या घरी दुभते आहे, जेथे तान्ह्या मुलाला अंगावरच्या दुधाच्या जोडीला म्हशीचे वा गाईचे दूध देणे हे प्रेमाचे आणि ऐपतीचे लक्षण मानले जाते, आणि जेथे पितळेची चांगली भांडी आहेत, त्या घरी धोका अधिक. ज्या घरी दूधही नाही आणि पितळही नाही, तेथे इतर शंभर विपत्ती असतील, पण ही नव्हती. आईच्या हातून घडणाऱ्या लाडाकोडातच विष होते, ही ह्या रोगाची करुण बाजू होय.

४

येथे भाषेच्या अभ्यासकास एक प्रश्न पडतो. तांब्यापितळेच्या भांड्यात अन्न बिघडते, हे ज्ञान ह्या देशात नवे होते काय? मुळीच नव्हते. त्याचा पुरावा खुद्द मराठी शब्दसंपत्तीत आहे. 'कळकणे' हे क्रियापद पाहावे. ताक पितळेच्या भांड्यात राहिले की ते कळकते; चिंचेची आमटी कल्हई उडालेल्या पातेल्यात राहिली की कळकते; तिला हिरवट झाक येते, तुरट चव येते, पोटात ढवळते. एवढी विशिष्ट रासायनिक क्रिया एका शब्दात सांगणारे क्रियापद ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या बायकांना धातूचा गुण ठाऊक नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. शेजारच्या भाषांतही हे ज्ञान आहे : हिंदीत 'कसाना', कन्नडात भांड्यावरील जंगास 'किलुबु'. कल्हई हा शब्द अरबी-फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ कथील. आणि नवसागर, कथील व भाता घेऊन दारोदार हिंडणारा कल्हईवाला हा ह्या ज्ञानाचा चालताबोलता साक्षीदार होता.

परंतु 'कळकणे' ह्या क्रियापदाचे कर्ते पाहिले असता त्याची मर्यादा ध्यानी येते. नित्याच्या बोलण्यात कळकते ते ताक, दही, कढी, आमटी, लोणचे. म्हणजे आंबट पदार्थ. दूध हे आंबट नव्हे. दूध नासते, फाटते, उतू जाते, करपते. पितळेत तापविलेले गोड दूध मात्र कळकले असे सहसा कोणी म्हणत नाही. कारण त्यावर डोळ्यांना दिसेल असा हिरवा डाग उमटत नाही. तांबे केसीनच्या आश्रयाने लपून राहते. शब्द इंद्रियांच्या साक्षीवर उभा होता, आणि इंद्रियांना जे कळत नव्हते ते शब्दातही आले नाही.

दुधाविषयी निर्बंध नव्हताच असेही नाही. आचारधर्मविषयक संस्कृत निबंधांत एक वचन आढळते, त्याचा आशय असा, की तूप सोडून इतर गव्य पदार्थ तांब्याच्या पात्रात ठेवल्यास मद्यासमान होतात. रसशास्त्राच्या ग्रंथांतही अशुद्ध तांबे हे विषाहून वाईट मानले असून त्याचे आठ दोष मोजले आहेत. म्हणजे दूध आणि तांबे ह्यांचा संयोग त्याज्य होय, हे शास्त्राने सांगितले होते. परंतु त्या वचनात नाव येते ते तांब्याचे. आणि घरातील पातेले होते पितळेचे. पितळ हा तांबे आणि जस्त ह्यांचा मिश्रधातू असून त्यात तांबेच अधिक, बहुधा साठ ते सत्तर टक्के. पण 'पितळ' हा शब्द संस्कृत 'पित्तल' ह्यावरून आला असून त्यात पिवळ्या रंगाची सूचना आहे; त्यात तांब्याचा मागमूस नाही. मराठी वाक्प्रचारात पितळ उघडे पडते ते सोन्याच्या मुलाम्याखालून. म्हणजे लोकांच्या कल्पनेत पितळेचे नाते सोन्याशी, खोट्या सोन्याचे. पितळेत तांबे आहे हे तांबटास ठाऊक, दूध तापविणाऱ्या सासूस ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

एवंच दोन शब्दांच्या दोन कक्षा होत्या. 'कळकणे' हा शब्द पितळेपर्यंत पोचत होता, पण दुधापर्यंत पोचत नव्हता. तांब्याविषयीचा शास्त्राचा निषेध दुधापर्यंत पोचत होता, पण पितळेपर्यंत पोचत नव्हता. पितळेतील दूध ह्या दोन कक्षांच्या मधल्या फटीत राहिले, आणि त्या फटीतून मुले गेली. परंपरेत ज्ञान नव्हते असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच परंपरेत सर्व ज्ञान होते असे म्हणणेही चुकीचे. ज्ञान होते, पण ज्या शब्दांत ते साठविले होते त्यांच्या मापाचेच होते.

५

वैद्यकापुढे आता एकाच वेळी दोन मार्ग होते : औषध आणि उपदेश. औषध होते पेनिसिलअमाइन. हे द्रव्य पेनिसिलिनच्या विघटनातून मिळते. शरीरातील तांब्यास ते बांधून घेते आणि लघवीवाटे बाहेर काढते. १९५६ साली इंग्लंडमध्ये जॉन वॉल्श ह्यांनी विल्सनच्या रोगावर त्याचा उपयोग दाखविला होता. पुण्यातील चाचण्यांचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत असे सांगतो, की कावीळ दिसण्यापूर्वी हे औषध सुरू केले तर काही मुले वाचतात. उशीर झाला तर औषधाचा इलाज चालत नाही. योगायोग असा, की पेनिसिलिन बनविणारा देशातील पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीस स्थापन झाला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तेथे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांचे साहाय्य लाभलेला तो कारखाना नव्या वैद्यकाचे प्रतीकच होता. परंतु ह्या रोगाच्या बाबतीत प्रतिजैविकांच्या युगाने जे साधले त्याहून कितीतरी अधिक भांडे बदलल्याने साधले.

उपदेश अगदी साधा होता : तान्ह्या मुलाला आईचेच दूध द्यावे, वरचे दूध द्यावे लागले तर ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवू नये, ठेवू नये, आणि तशा बोंडल्याने पाजू नये. १९९२ साली भावे, पंडित, टॅनर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या रोगाच्या प्रतिबंधाविषयी स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. त्याचा गाभा हाच होता. ह्या उपदेशाची रचना विचारात घेण्यासारखी आहे. त्यात रोगाचे नाव येण्याची गरज नाही. यकृत म्हणजे काय, केसीन म्हणजे काय, हे ऐकणारीस कळण्याची गरज नाही. पातेले, दूध, बोंडले, पितळ हे सर्व शब्द तिच्या घरातले आहेत, आणि त्यांतील एकाही वस्तूसाठी तिला दवाखान्यापर्यंत जावे लागत नाही. 'कळकणे' आणि तांब्याचा निषेध ह्यांच्यामध्ये जी फट राहिली होती, ती ह्या एका वाक्याने बुजविली.

असे वाक्य गावोगाव पोचण्यासाठी माणसे लागतात. ह्याच रुग्णालयाने १९७० च्या दशकात, डॉ. बानू कोयाजी ह्यांच्या नेतृत्वाखाली, शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्यप्रकल्प उभारला होता. चाकणच्या आग्नेयेस, भीमेच्या खोऱ्यातील ह्या प्रकल्पाचे सूत्र असे, की गावातल्याच व्यक्तीस आरोग्याचे शिक्षण द्यावे आणि तिच्याच तोंडून गावास सांगावे. कोयाजींना १९९३ साली रामॉन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा कार्यपद्धतीमुळे पुण्याच्या परिसरात दवाखान्याची भाषा आणि घरची भाषा ह्यांमधील अंतर कमी झाले, आणि ते कमी झाल्याखेरीज पातेल्याविषयीचा उपदेश उंबऱ्याच्या आत जाणे कठीण होते.

६

तथापि सर्व श्रेय उपदेशास देणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण ह्याच काळात पितळ घरातून निघून जात होते, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. पिंपरी व चिंचवड भागात वाहनांचे, यंत्रांचे आणि औषधांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली तेथे नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. मावळ, खेड, हवेली तालुक्यांतील आणि दूरच्या जिल्ह्यांतील कुटुंबांत महिन्याचा पगार येऊ लागला. चाळीतील दोन खोल्यांत हंडे-घागरी मांडण्यास जागा नव्हती, चिंचेने पितळ घासण्यास वेळ नव्हता, आणि कल्हईवाला दिवसेंदिवस दिसेनासा होत होता. पितळेची भांडी मोडीत गेली. त्यांच्या जागी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले. जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देणारी बोहारीण ही, तिला ठाऊक नसताना, बालआरोग्याची कार्यकर्ती ठरली असे म्हटले तर ती केवळ अतिशयोक्ती होणार नाही.

रोगाची पीछेहाट १९९० च्या दशकात सर्वत्र जाणवू लागली. त्यात उपदेशाचा वाटा किती आणि बोहारणीचा किती, हे निश्चित मापाने सांगता येत नाही. काही विकृतिशास्त्रज्ञांना तर तांब्याची मूळ उपपत्तीच मान्य नाही. नायक आणि चितळे ह्यांनी २०१३ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये अशी भूमिका मांडली, की तांब्याचा साठा हे रोगाचे कारण नव्हे. उत्तर भारतातील काही पाहण्यांतही भांड्यांचा संबंध स्पष्ट दिसला नाही. आनुवंशिक प्रवृत्तीचा प्रश्नही उरतोच, कारण एकाच गावात पितळेतील दूध पिणारी सर्व मुले आजारी पडत नव्हती.

ह्या वादात एक साक्ष दूरच्या देशातून येते. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ ह्या काळात अशाच यकृतरोगाने १३८ बालके दगावल्याची नोंद १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. आल्प्स पर्वतातील त्या गावांत कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत गाईचे दूध तापवून मुलांना देत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. तेथील संशोधकांचे अनुमान असे, की काही कुळांत जन्मजात दुर्बलता होती आणि तांब्याने तिला प्रकट केले. एकटे भांडे किंवा एकटे बीज पुरेसे नव्हते. टिरोल आणि पुणे ह्यांच्यात भाषा, धर्म, आहार ह्यांपैकी काहीही समान नाही. समान आहे ते तापलेले दूध, धातू आणि तान्हे मूल. ह्या साम्याचे वजन दुर्लक्षिता येत नाही. 'इंडियन' हे विशेषण रोगाच्या नावात ज्यांनी घातले त्यांनी तो एका देशाचा मानला. वास्तविक तो एका व्यवहाराचा रोग होता.

७

आता आरंभीच्या भेदाकडे वळावे. 'दुर्मीळ' हा शब्द मराठीत मुळात हव्याहव्याशा वस्तूंना लागतो. दुर्मीळ पोथी, दुर्मीळ नाणे, दुर्मीळ योग असे आपण म्हणतो. कारण मिळणे ही क्रिया इच्छेची अपेक्षा धरते. रोग कोणी मिळवू पाहत नाही. ह्या दृष्टीने 'विरळ' हे विशेषण अधिक अन्वर्थक झाले असते. पण शासकीय परिभाषेत 'दुर्मीळ आजार' रूढ झाले आहे आणि रूढीपुढे व्युत्पत्तीचा आग्रह चालत नाही. दुर्मीळ म्हणजे किती, ह्याविषयीही एकमत नाही. युरोपीय संघ दहा हजारांत पाचांपर्यंत हे प्रमाण धरतो. अमेरिका १९८३ च्या कायद्यान्वये दोन लाखांहून कमी रुग्ण ही मर्यादा मानते. भारताच्या २०२१ च्या धोरणाने अशी संख्या न ठरविता रोगांचे उपचाराच्या स्वरूपावरून तीन गट पाडले आहेत.

ह्या धोरणातील बहुतेक रोग जन्मजात आहेत. त्यांच्या बाबतीत पातेले बदलण्यासारखा उपाय नसतो. तेथे जागृती म्हणजे लक्षण वेळीच ओळखणे आणि योग्य केंद्राकडे पाठविणे. म्हणून तेथे रोगाच्या नावाचे महत्त्व वाढते. असे असले तरी बालयकृत्काठिण्याच्या इतिहासातून एक गोष्ट त्यांनाही लागू पडते. नाव प्रसिद्ध झाल्याने जागृती झाली असे समजणे ही फसवणूक होय. 'लिव्हर' हा शब्द अर्धशतकाहून अधिक काळ घरोघर प्रसिद्ध होता आणि मुले मरतच होती. ज्या दिवशी घरातल्या भाषेत, घरातल्या वस्तूविषयी, आईला करता येईल अशी एक गोष्ट सांगितली गेली, त्या दिवशी जागृती सुरू झाली. कोणत्याही दुर्मीळ रोगाविषयी पत्रक लिहिणाऱ्याने स्वतःस हाच प्रश्न विचारावयास हवा : हे वाचून आईने उद्या सकाळी काय करावयाचे आहे?

दुसरा धडा विस्मरणाविषयीचा आहे. रोग विरळ झाला, म्हणजे तो पाहिलेले डॉक्टर निवृत्त झाले, आणि ज्या सासवांनी पितळ मोडीत घातले त्यांच्या नातसुनांस त्याचे कारण ठाऊक नाही. आता तांब्यापितळेची भांडी आरोग्याच्या आणि परंपरेच्या नावाने पुन्हा बाजारात आली आहेत. मोठ्या माणसाने तांब्यातले पाणी पिणे हा ह्या निबंधाचा विषय नव्हे. परंतु त्याच भांड्यात तान्ह्यासाठी दूध तापविले जाणे हा आहे. परंपरेच्या नावाने पितळ परत आणणाऱ्यांना त्याच परंपरेतील कल्हईचा, 'कळकणे' ह्या क्रियापदाचा आणि तांब्यातील दुधाच्या निषेधाचा विसर पडलेला दिसतो. वस्तू परत येते. तिच्याभोवतीचे शब्द परत येत नाहीत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील आजच्या वस्तीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील कामगार मराठवाड्यातून व विदर्भातून आले आहेत, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथूनही. 'वरचे दूध' हा शब्दप्रयोग त्यांतील अनेक आयांना परका आहे. 'बोंडले' तर आज पुष्कळ मराठी आयांनाही परके झाले आहे. एकाच भाषेत एकदा सांगितलेले वाक्य पुढच्या पिढीस आणि शेजारच्या खोलीस आपोआप पोचेल, असा भरवसा धरता येत नाही. ते प्रत्येक भाषेत, त्या भाषेतील भांड्याच्या नावाने, पुन्हा सांगावे लागते. रोग दुर्मीळ झाला हे त्या वाक्याचे यश होय. आणि तो दुर्मीळ राहावा ह्यासाठी ते वाक्य मात्र दुर्मीळ होऊन चालणार नाही.